महान्यायवादी आणि शासनप्रमुख : स्वातंत्र्य नेमके कोणत्या निर्णयाचे?

शासनाचा सर्वोच्च विधी-अधिकारी शासनप्रमुखाच्या अधीन असावा की त्याच्यापासून स्वतंत्र असावा, हा प्रश्न बहुधा शांत चित्ताने विचारला जात नाही. एखादा खटला अकस्मात मागे घेतला जातो, एखादा अधिकारी रातोरात पदच्युत होतो, आणि मग वृत्तपत्रांतून व विधिमंडळांतून या प्रश्नाला तोंड फुटते. अशा वेळी दिली जाणारी उत्तरे प्रायः पक्षाभिनिवेशाची असतात. विरोधी बाकांवर बसलेला पक्ष विधी-अधिकाऱ्याच्या स्वातंत्र्याचा आग्रह धरतो. तोच पक्ष सत्तेवर आला म्हणजे परस्परविश्वासाची आणि सामूहिक जबाबदारीची भाषा बोलू लागतो. राज्यशास्त्राच्या अभ्यासकाला या दोन्ही भाषा बाजूला ठेवून प्रथम एका साध्या गोष्टीचा निर्णय करावा लागतो : ज्याच्या स्वातंत्र्याविषयी हा वाद चालतो तो अधिकारी नेमके काय करतो?

इंग्लंड, अमेरिका व कॅनडा या देशांत ज्याला अ‍ॅटर्नी जनरल म्हणतात आणि भारतीय राज्यघटनेच्या मराठी पाठात ज्याला महान्यायवादी ही संज्ञा योजिली आहे, त्या पदाचे नाव एक असले तरी त्याची कामे एकाच जातीची नाहीत. तो शासनाला कायद्याचा सल्ला देतो. न्यायालयात शासनाची बाजू मांडतो. आणि कित्येक देशांत, एखाद्या व्यक्तीवर शासनाच्या वतीने खटला भरावा की न भरावा, भरलेला खटला चालवावा की सोडून द्यावा, याचा अंतिम निर्णयही तोच करतो. यांपैकी पहिली दोन कामे वकिलाची आहेत. अशिलाने आपल्या विश्वासातला वकील निवडावा, त्याचा सल्ला पटला नाही तर दुसरा गाठावा, यात गैर काही नाही. शासन हेही त्या अर्थाने एक अशीलच होय. तिसऱ्या कामाचा प्रकार मात्र सर्वस्वी वेगळा आहे. तेथे शासन अशील नसते, तर दंडशक्तीचे धारक असते आणि समोर एक नागरिक उभा असतो. त्या नागरिकावर आरोप ठेवण्याचा निर्णय शासनप्रमुखाच्या राजकीय सोयीवर अवलंबून राहिला, तर पुढे न्यायालय कितीही निःपक्षपाती असले तरी जे प्रकरण त्याच्यापुढे येऊच दिले नाही त्याचा न्याय ते करू शकत नाही. या विषयावरील बहुतेक गोंधळ ही तीन कामे एकाच शब्दाखाली आणल्यामुळे निर्माण झाला आहे.

इंग्लंडात हे पद मुळी राजाच्या वकिलाचे. राजाला न्यायालयात स्वतः उपस्थित राहणे शक्य नसे, म्हणून त्याच्या वतीने बोलणारा मुखत्यार नेमला जाई. पंधराव्या शतकात त्याला अ‍ॅटर्नी जनरल हे नामाभिधान मिळाले. अशा मुखत्याराला स्वतंत्र बुद्धी असावी, ही अपेक्षाच त्या काळी कोणी केली नसती. तथापि १६४२ च्या जानेवारीत पहिल्या चार्ल्स राजाच्या आज्ञेवरून अ‍ॅटर्नी जनरल सर एडवर्ड हर्बर्ट यांनी कॉमन्स सभेच्या पाच सभासदांवर आणि एका उमरावावर राजद्रोहाचे आरोप ठेवले. दुसऱ्या दिवशी राजा स्वतः सशस्त्र शिपाई घेऊन सभागृहात शिरला आणि त्यापूर्वीच ते पाच सभासद निसटले होते, हा इतिहास सर्वश्रुत आहे. त्या मानाने कमी परिचित गोष्ट ही, की कॉमन्स सभेने पुढे या हर्बर्टवरच महाभियोग आणला. आपण केले ते राजाच्या आज्ञेने केले, हा त्याचा बचाव होता. हा बचाव पुरेसा नाही, असे म्हणणारी एक सभा त्या दिवशी अस्तित्वात आली होती, एवढी नोंद येथे पुरे. आज्ञा कोणाचीही असो, आरोपपत्राखालची सही ज्याची त्याची असते, या विचाराचे बीज त्या प्रसंगात सापडते. ते रुजावयास मात्र जवळजवळ तीन शतके लागली.

ते रुजले एका क्षुल्लक वाटणाऱ्या खटल्यातून. १९२४ साली इंग्लंडात रॅम्से मॅक्डोनल्ड यांचे पहिले मजूर मंत्रिमंडळ अधिकारावर होते. लोकसभेत त्याला स्वतःचे बहुमत नव्हते. उदारमतवाद्यांच्या संमतीवर ते तगून होते. २५ जुलै १९२४ च्या अंकात 'वर्कर्स वीकली' या साम्यवादी साप्ताहिकाने सैनिकांना उद्देशून एक अनावृत पत्र छापले. वर्गयुद्धात किंवा रणांगणात आपल्या कामगार बांधवांवर बंदुका रोखू नका, असा त्याचा आशय होता. साप्ताहिकाचे हंगामी संपादक जे. आर. कॅम्बेल यांच्यावर १७९७ च्या जुन्या कायद्याखाली सैनिकांना बंडाची चिथावणी दिल्याचा खटला भरण्यास अ‍ॅटर्नी जनरल सर पॅट्रिक हेस्टिंग्ज यांनी संमती दिली आणि ५ ऑगस्टला कॅम्बेल यांना अटक झाली. मजूर पक्षाच्या बाकांवर एकच गहजब उडाला. दुसऱ्याच दिवशी मंत्रिमंडळाची बैठक भरली. हेस्टिंग्ज यांनी तेथे सांगितले, की कॅम्बेल हे महायुद्धात जखमी होऊन गौरवले गेलेले सैनिक आहेत, संपादकत्वही त्यांच्याकडे तात्पुरतेच होते. या कारणांसाठी खटला मागे घेता येईल. मंत्रिमंडळाने या मार्गाला मान्यता दिली, आणि एवढ्यावर न थांबता असाही ठराव नोंदवला की राजकीय स्वरूपाचा कोणताही खटला मंत्रिमंडळाच्या पूर्वसंमतीवाचून भरला जाऊ नये. १३ ऑगस्टला न्यायालयात खटला मागे घेण्यात आला.

या प्रकरणाचे बारकावे अभ्यासकाने मुद्दाम लक्षात घ्यावेत असे आहेत. खटला मागे घेण्याची हेस्टिंग्ज यांनी दिलेली कारणे स्वतःपुरती अगदीच लटकी नव्हती. सैनिक म्हणून लौकिक असलेल्या माणसाला ज्यूरी दोषी ठरवील का, ही शंका कोणत्याही विचारी अभियोक्त्याला आलीच असती. म्हणजे निर्णय कदाचित योग्यही असेल. दोष होता तो निर्णय कोठे झाला यात. तो अ‍ॅटर्नी जनरलच्या कचेरीत न होता मंत्रिमंडळाच्या मेजावर झाला, आणि त्या मेजाभोवती बसलेल्यांपैकी प्रत्येकाला कॅम्बेलच्या सुटकेत वा शिक्षेत राजकीय हितसंबंध होता. खुद्द मॅक्डोनल्ड यांनी आधी सभागृहात आपला विचार घेतला गेला नव्हता असे सांगितले आणि पुढे ते विधान त्यांना दुरुस्त करावे लागले. यामुळे संशय अधिकच बळावला. ८ ऑक्टोबरला चौकशी समिती नेमण्याची उदारमतवाद्यांची सूचना ३६४ विरुद्ध १९८ मतांनी संमत झाली आणि मंत्रिमंडळ कोसळले. त्यानंतर आलेल्या बॉल्डविन मंत्रिमंडळाने पूर्वसंमतीचा तो ठराव रद्द केला. एका साप्ताहिकाच्या हंगामी संपादकावरील मागे घेतलेल्या खटल्याने एक शासन गेले. इंग्लंडच्या राजकीय व्यवहारात तेव्हापासून या विषयाची धास्ती बसली असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

या धास्तीला तात्त्विक रूप दिले ते सर हार्टले शॉक्रॉस यांनी. २९ जानेवारी १९५१ रोजी अ‍ॅटर्नी जनरल या नात्याने कॉमन्स सभेत केलेल्या निवेदनात त्यांनी जी भूमिका मांडली, ती पुढे राष्ट्रकुलातील अनेक देशांत प्रमाण मानली गेली. तिचा आशय असा : घडलेल्या प्रत्येक गुन्ह्यावर खटला भरलाच पाहिजे असा नियम नाही, खटला लोकहिताचा आहे की नाही हे अ‍ॅटर्नी जनरलने पाहावे. ते पाहताना सार्वजनिक शांतता, परराष्ट्रसंबंध यांसारख्या बाबींचा विचार तो करू शकतो, आणि त्यासाठी सहकारी मंत्र्यांकडून माहितीही घेऊ शकतो. मात्र सहकाऱ्यांचे साहाय्य माहितीपुरतेच मर्यादित असावे. निर्णय काय असावा हे त्यांनी सांगू नये, त्यासाठी दडपण आणू नये; आणि अ‍ॅटर्नी जनरलनेही आपली जबाबदारी त्यांच्या खांद्यावर टाकू नये.

हे शेवटचे वाक्य सहसा दुर्लक्षिले जाते, आणि या भूमिकेचा खरा कस तेथेच आहे. शासनप्रमुख दडपण आणतो तेव्हाच स्वातंत्र्य नष्ट होते असे नाही. अवघड निर्णयाचे ओझे नको म्हणून विधी-अधिकारी आपण होऊन वर बोट दाखवतो, तेव्हाही ते नष्ट होते. हेस्टिंग्ज यांच्या बाबतीत यांपैकी नेमके काय घडले, याविषयी इतिहासकारांचे एकमत होण्याची आवश्यकता नाही. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी जातात.

शॉक्रॉस यांच्या सूत्रात अ‍ॅटर्नी जनरलच्या नेमणुकीविषयी किंवा त्याच्या मुदतीविषयी चकार शब्द नाही, हेही ध्यानात घ्यावे. इंग्लंडचा अ‍ॅटर्नी जनरल पंतप्रधानाच्या शिफारशीने नेमला जातो, त्याच्या इच्छेने जातो, आणि सत्ताधारी पक्षाचाच असतो. तेथे पद स्वतंत्र नाही. त्या पदावरून घ्यावयाचा एक विशिष्ट निर्णय तेवढा स्वतंत्र मानला आहे. ही रचना तर्काला पूर्णतः पटणारी नाही, कारण निर्णय स्वतंत्र आणि निर्णय करणारा मात्र परावलंबी, असे द्वंद्व तीत उरतेच. अमेरिकेने हे द्वंद्व कायद्याने सोडवण्याचा प्रयत्न केला. त्या प्रयत्नाची कथा बोधप्रद आहे.

अमेरिकेत १७८९ च्या न्यायव्यवस्थाविषयक कायद्याने अ‍ॅटर्नी जनरल हे पद निर्माण झाले, तेव्हा त्याच्या हाताखाली खातेसुद्धा नव्हते. न्यायखाते स्थापन झाले ते १८७० साली. कायद्यांची निष्ठापूर्वक अंमलबजावणी करण्याचे कर्तव्य तेथील राज्यघटनेने राष्ट्राध्यक्षावर सोपवले आहे, आणि अ‍ॅटर्नी जनरल हा त्या कर्तव्यातील त्याचा मदतनीस मानला गेला. १९६१ साली जॉन केनेडी यांनी आपले सख्खे बंधू रॉबर्ट यांना या पदावर बसवले, तेव्हा बरीच टीका झाली. पण ती घराणेशाहीवर होती, अधीनतेवर नव्हे. निक्सन यांच्या कारकिर्दीने मात्र हा प्रश्न उघडा पाडला. त्यांचे पहिले अ‍ॅटर्नी जनरल जॉन मिचेल हे वॉटरगेट प्रकरणी पुढे स्वतःच दोषी ठरून तुरुंगात गेले. १९७३ साली त्या पदावर आलेल्या एलियट रिचर्डसन यांनी सिनेटला वचन दिले होते, की वॉटरगेटच्या तपासासाठी विशेष अभियोक्ता नेमू, आणि असाधारण गैरवर्तनावाचून त्याला काढणार नाही. विशेष अभियोक्ते आर्चिबाल्ड कॉक्स यांनी राष्ट्राध्यक्षांच्या ध्वनिमुद्रित संभाषणांची मागणी सोडेना, तेव्हा २० ऑक्टोबर १९७३ च्या शनिवारी निक्सन यांनी कॉक्सना पदच्युत करण्याची आज्ञा दिली. रिचर्डसन यांनी नकार देऊन राजीनामा दिला. त्यांचे दुय्यम विल्यम रकल्सहाउस यांनीही नकार दिला. तिसरे अधिकारी रॉबर्ट बोर्क यांनी ती आज्ञा अंमलात आणली.

या शनिवारचा सामान्यतः काढला जाणारा निष्कर्ष असा, की अ‍ॅटर्नी जनरलला राष्ट्राध्यक्षाच्या मर्जीतून मुक्त केले पाहिजे. १९७४ साली सिनेटर सॅम एर्विन यांनी न्यायखाते राष्ट्राध्यक्षापासून वेगळे काढण्याचे विधेयकच मांडले. १९७६ च्या निवडणुकीत जिमी कार्टर यांनी तशाच सुधारणेचे आश्वासन दिले आणि निवडून आल्यावर, अ‍ॅटर्नी जनरलला ठरावीक मुदत द्यावी व सबळ कारणावाचून त्याला दूर करता येऊ नये अशी तरतूद शक्य आहे का, हे आपले अ‍ॅटर्नी जनरल ग्रिफिन बेल यांना तपासावयास सांगितले. १९७७ च्या एप्रिलमध्ये बेल यांनी उत्तर दिले : असा कायदा घटनाबाह्य ठरेल. राष्ट्राध्यक्षाच्या मर्यादा घालू इच्छिणाऱ्या राष्ट्राध्यक्षाला त्याच्याच विधी-अधिकाऱ्याने नको असलेले उत्तर दिले, यात स्वातंत्र्याचा पुरावा पाहावा की अभाव, हे ज्याचे त्याने ठरवावे. बेल यांनी मग दुसरी, अधिक साधी वाट धरली. विशिष्ट खटल्यांविषयी राष्ट्राध्यक्षाच्या कचेरीतून वा काँग्रेसमधून येणारा कोणताही संदेश थेट अभियोक्त्यांकडे न जाता न्यायखात्याच्या मोजक्या वरिष्ठांकडेच यावा, असा शिरस्ता त्यांनी १९७८ मध्ये घालून दिला. त्या शिरस्त्याला कायद्याचे बळ नव्हते.

त्याच वर्षी काँग्रेसने स्वतंत्र अभियोक्त्याचा कायदाही केला. त्याची नेमणूक न्यायाधीशांचे मंडळ करी आणि सबळ कारणावाचून त्याला काढता येत नसे. १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध १ अशा मतांनी हा कायदा वैध ठरवला. एकट्या न्यायमूर्ती स्कालिया यांनी विरोधी मत नोंदवले. ज्या अभियोक्त्याला एकच माणूस शोधावयाचा आहे, ज्याच्यावर खर्चाचे बंधन नाही आणि ज्याला कोणापुढेही उत्तर द्यावयाचे नाही, तो गुन्ह्यासाठी माणूस न शोधता माणसासाठी गुन्हा शोधू लागेल, असा त्यांच्या भीतीचा मथितार्थ होता. दहा वर्षांनी केनेथ स्टार यांची राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्याविरुद्धची चौकशी एका जमीन-व्यवहारापासून निघून जेथे जाऊन पोहोचली, ती पाहिल्यावर हे एकाकी मत अनेकांना आठवले. १९९९ मध्ये कायद्याची मुदत संपली, तेव्हा त्याचे पुनरुज्जीवन करण्याची उत्कंठा दोन्ही पक्षांपैकी कोणालाच उरली नव्हती. अधीन अभियोक्त्याचे भय जितके खरे, तितकेच कोणालाही जबाबदार नसलेल्या अभियोक्त्याचेही खरे आहे. इतकेच की पहिले भय वारंवार अनुभवास येते आणि दुसरे क्वचित.

अमेरिकेच्या घटक राज्यांनी तिसरा मार्ग चोखाळला आहे. ५० पैकी ४३ राज्यांत अ‍ॅटर्नी जनरल थेट लोकांकडून निवडला जातो. राज्यपालाची त्याच्यावर सत्ता चालत नाही. पण राज्यपालपदाची उमेदवारी हीच अनेकदा त्याची पुढची पायरी असते. एकाच्या मर्जीतून सुटून तो अनेकांच्या मर्जीत अडकतो, एवढाच त्याचा अर्थ.

त्या शनिवारकडे पुन्हा वळल्यास एक निराळी गोष्ट दिसते. निक्सन यांना कॉक्सना काढता आले. म्हणजे रिचर्डसन यांचे स्वातंत्र्य त्या अर्थाने निरुपयोगी ठरले. परंतु त्या आज्ञेची किंमत सर्वांदेखत द्यावी लागली. दोन वरिष्ठ अधिकारी एका रात्रीत गेले, जनक्षोभ उसळला, नवा विशेष अभियोक्ता नेमणे भाग पडले. १९७४ च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती संभाषणे हवाली करण्याचा एकमुखी आदेश दिला आणि ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्षांनी पद सोडले. पदच्युतीचा अधिकार राष्ट्राध्यक्षाच्या हाती होता आणि तरीही तो निर्वेधपणे वापरता आला नाही, कारण तो गुपचूप वापरता आला नाही. जानेवारी २०२१ च्या आरंभीही असाच प्रसंग आला. निवडणुकीच्या निकालाविषयी अनुकूल भूमिका घेईल असा नवा हंगामी अ‍ॅटर्नी जनरल नेमण्याचा विचार राष्ट्राध्यक्ष ट्रम्प करीत होते. न्यायखात्याच्या वरिष्ठांनी सामुदायिक राजीनाम्याचा इशारा दिला आणि तो विचार सोडून द्यावा लागला. मात्र १ जुलै २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ६ विरुद्ध ३ मतांनी असा निर्णय दिला, की तपास आणि अभियोग यांविषयी न्यायखात्याशी राष्ट्राध्यक्षाने केलेला व्यवहार हा त्याच्या अनन्य अधिकारातील असून त्याबद्दल त्याच्यावर खटला भरता येणार नाही. बेल यांच्या शिरस्त्यामागे जी घटनात्मक पोकळी होती, ती या निर्णयाने अधिकृत झाली. अमेरिकेत अभियोगाचे स्वातंत्र्य हे आता निव्वळ राष्ट्राध्यक्षाच्या संयमावर आणि अधिकाऱ्यांच्या राजीनाम्याच्या तयारीवर उभे आहे.

कॅनडाने हाच प्रश्न अधिक व्यवहारी रीतीने हाताळलेला दिसतो. तेथे २००६ च्या कायद्याने अभियोग-संचालक हे वेगळे पद निर्माण केले. अ‍ॅटर्नी जनरल त्याला विशिष्ट खटल्यात आदेश देऊ शकतो. पण तो आदेश लेखी असला पाहिजे आणि शासकीय राजपत्रात प्रसिद्ध झाला पाहिजे. या तरतुदीची परीक्षा २०१८ मध्ये झाली. एस. एन. सी.-लाव्हालीन या मॉन्ट्रिअलच्या बांधकाम-कंपनीवर लिबियातील लाचलुचपतीचा खटला चालू होता. नव्या कायद्याप्रमाणे तडजोडीने तो मिटवण्यास संचालकांनी नकार दिला. पंतप्रधान ट्रूडो आणि त्यांच्या कचेरीतील मंडळींनी, हजारो नोकऱ्यांचा हवाला देऊन, अ‍ॅटर्नी जनरल जोडी विल्सन-रेबोल्ड यांनी हा नकार फिरवावा यासाठी महिनोन्‌महिने प्रयत्न केले. त्यांनी तो फिरवला नाही. १४ जानेवारी २०१९ रोजी त्यांचे खाते बदलण्यात आले, १२ फेब्रुवारीला त्यांनी मंत्रिपद सोडले, आणि ऑगस्टमध्ये नीतिविषयक आयुक्तांनी पंतप्रधानांनी हितसंबंधविषयक कायद्याचा भंग केल्याचा निष्कर्ष काढला. येथेही अ‍ॅटर्नी जनरल पंतप्रधानाच्या मर्जीवरच होत्या, आणि मर्जी संपताच त्या गेल्या. परंतु खटला मिटवण्याचा आदेश काढायचा तर तो राजपत्रात छापावा लागणार होता. कानात सांगण्याजोगी गोष्ट चव्हाट्यावर मांडण्याजोगी असतेच असे नाही. दीर्घ मुदतीपेक्षा किंवा स्वतंत्र नेमणुकीपेक्षा ही लहानशी तरतूद अधिक मोलाची आहे, कारण ती माणसाच्या धैर्यावर कमीत कमी भार टाकते.

सल्ल्याच्या बाबतीत मात्र हीच उघड्या व्यवहाराची कसोटी जशीच्या तशी लागू पडत नाही. वकिलाचा सल्ला गोपनीय असतो आणि तो तसा असण्यात लाभही आहे. तथापि सल्ला केवळ अशिलासाठी नसून संसदेच्या निर्णयाचा आधार होतो, तेव्हा काय? ७ मार्च २००३ रोजी इंग्लंडचे अ‍ॅटर्नी जनरल लॉर्ड गोल्डस्मिथ यांनी इराकवरील युद्धाविषयी पंतप्रधानांना दिलेला सल्ला शंका-कुशंकांनी भरलेला होता. १७ मार्चला संसदेपुढे आलेल्या त्यांच्या संक्षिप्त उत्तरात त्या शंकांचा मागमूस नव्हता. मूळ सल्ला २००५ मध्ये उघड झाला. २०१६ च्या चिल्कॉट अहवालाने युद्धाला कायदेशीर आधार आहे असे ठरवण्याची ती रीत अत्यंत असमाधानकारक होती असे मत नोंदवले. अधीनता येथे आज्ञेच्या रूपाने आलेली नाही. ती गाळलेल्या परिच्छेदांच्या रूपाने आलेली आहे.

भारतात हा प्रश्न सामान्यतः राज्यघटनेच्या ७६ व्या कलमावर चर्चिला जातो. १९३५ च्या कायद्यात संघराज्याच्या महाधिवक्त्याची नेमणूक व पदच्युती गव्हर्नर-जनरलने स्वतःच्या विवेकबुद्धीने करावी अशी तरतूद होती. मंत्र्यांचा सल्ला तेथे बंधनकारक नव्हता. घटना समितीपुढील मसुद्यात, राज्याच्या मुख्यमंत्र्याने राजीनामा दिला की त्या राज्याच्या महाधिवक्त्यानेही निवृत्त व्हावे असे एक पोटकलम होते. ते अंतिम घटनेत उरले नाही. म्हणजे महाधिवक्ता हा मंत्रिमंडळाबरोबर येणारा-जाणारा राजकीय पदाधिकारी नव्हे, एवढे घटनाकारांनी मान्य केले. पण त्याला मुदतीचे संरक्षण मात्र दिले नाही. महान्यायवादीही राष्ट्रपतींची मर्जी असेतोपर्यंतच पद धारण करतो, आणि ती मर्जी म्हणजे मंत्रिमंडळाची मर्जी होय. तो मंत्री नसतो, संसदेचा सभासद असण्याची त्याला आवश्यकता नसते. ८८ व्या कलमान्वये तो दोन्ही सभागृहांत बोलू शकतो, मत देऊ शकत नाही.

या एकाच कलमाखाली दोन अगदी भिन्न चित्रे रंगली. मुंबईचे मोतीलाल सेटलवाड हे १९५० पासून १९६३ पर्यंत पहिले महान्यायवादी होते. १९५७ साली आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या सहा कंपन्यांचे सुमारे सव्वा कोटी रुपयांचे भाग खरेदी केले. फिरोज गांधी यांनी हे प्रकरण लोकसभेत उपस्थित केल्यावर मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती म. क. छागला यांचा एकसदस्य आयोग नेमला गेला आणि १९५८ च्या जानेवारीत मुंबईत त्याची उघड सुनावणी झाली. महान्यायवादी तेथे अर्थमंत्र्यांचे वकील म्हणून नव्हे, तर आयोगाच्या साहाय्यार्थ उभे होते. केंद्र शासनाचे अर्थमंत्री आणि अर्थसचिव साक्षीदाराच्या जागी, आणि त्याच शासनाचा विधी-अधिकारी सत्यशोधनाच्या बाजूला, असे दृश्य मुंबईकरांनी पाहिले. फेब्रुवारीत टी. टी. कृष्णम्माचारी यांनी राजीनामा दिला. सेटलवाड त्यानंतर पाच वर्षे पदावर राहिले.

दुसरे चित्र आणीबाणीतील. स्थानबद्धांना न्यायालयात दाद मागता येते की नाही, या जबलपूर खटल्यात महान्यायवादी नीरेन डे यांनी शासनाची बाजू मांडली. न्यायमूर्ती खन्ना यांनी विचारले, की पोलिसाने वैयक्तिक वैरापोटी एखाद्याचा जीव घेतला तर काय? आणीबाणी चालू असेतोपर्यंत त्यावर न्यायालयात उपाय नाही, हे आपल्या युक्तिवादाचे पर्यवसान डे यांनी मान्य केले. २८ एप्रिल १९७६ रोजी ४ विरुद्ध १ मतांनी तोच युक्तिवाद मान्य झाला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय मोडीत काढला. याउलट, अतिरिक्त महान्यायाभिकर्ता असलेले फली नरिमन आणीबाणी जाहीर होताच जून १९७५ मध्ये पदावरून दूर झाले होते. डे यांच्या बाजूने एवढे म्हणता येईल, की त्यांनी वकिलाचे काम केले आणि प्रश्नाचे उत्तर टाळले नाही. पण महान्यायवादी हा केवळ अशिलाचा वकील असेल, तर राज्यघटनेत त्याच्यासाठी स्वतंत्र कलम लिहिण्याचे प्रयोजन उरत नाही.

ही उदाहरणे कितीही उद्बोधक असली तरी भारतीय अभ्यासकाची दृष्टी ७६ व्या कलमावरच खिळून राहणे हा एक भ्रम आहे. कॅम्बेल प्रकरणात जो अधिकार पणाला लागला होता, तो भारतात महान्यायवादीकडे मुळी नाहीच. न्यायालयाच्या फौजदारी अवमानाच्या कारवाईला संमती देण्यासारखे काही अपवाद वगळता, येथे कोणावर खटला भरावा हे तो ठरवीत नाही. गुन्ह्यांचा तपास व अभियोग प्रामुख्याने राज्य शासनांच्या हाती आहे, आणि भरलेला खटला मागे घेण्याची किल्ली जिल्हा न्यायालयातील सरकारी अभियोक्त्याच्या हाती आहे. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे ३२१ वे कलम ही ती किल्ली. १ जुलै २०२४ पासून तिची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ३६० व्या कलमाने घेतली आहे. न्यायालयाच्या संमतीने अभियोक्ता खटला मागे घेऊ शकतो, असे हे कलम सांगते. हेस्टिंग्ज यांच्या पदाचा भारतीय वारस शोधावयाचा तर तो दिल्लीत नव्हे, तालुक्या-जिल्ह्याच्या गावी, मुदतीच्या नेमणुकीवर काम करणाऱ्या या वकिलात शोधावा लागतो.

सर्वोच्च न्यायालयाने या वकिलाला शॉक्रॉस यांचीच भाषा शिकवली आहे. बलवंत सिंग खटल्यात, १९७७ साली, न्यायालयाने सांगितले की खटला मागे घेण्याचा निर्णय अभियोक्त्याचा स्वतःचा असला पाहिजे. तो दुसऱ्या कोणाच्या स्वाधीन करता येत नाही. १९८० मध्ये राजेंद्रकुमार जैन खटल्यात असेही मान्य झाले, की शासन सूचना करू शकते, आज्ञा करू शकत नाही. सूत्र स्वच्छ आहे. परंतु ज्याची नेमणूक, मुदतवाढ आणि मानधन शासनाच्या हाती, त्या अभियोक्त्याला सूचना आणि आज्ञा यांतील भेद कितपत परवडतो? बिहारचे माजी मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांच्यावरील खटला त्यांच्याच कारकिर्दीत मागे घेतला गेला. घटनापीठाने डिसेंबर १९८६ मध्ये ३ विरुद्ध २ मतांनी ते वैध ठरवले. याउलट २००० साली, कन्नड अभिनेते राजकुमार यांच्या सुटकेच्या मोबदल्यात वीरप्पनच्या साथीदारांवरील खटले मागे घेण्याचा प्रयत्न न्यायालयाने हाणून पाडला. अभियोक्त्याने स्वतः विचारच केला नव्हता, हे त्याचे एक मुख्य कारण होते. तेथे शासनाचा हेतू लोकशांतीचा होता, कॅम्बेल प्रकरणातील हेतूंपेक्षा कितीतरी अधिक निरपेक्ष. तरीही निर्णय कोठे झाला हा प्रश्न शिल्लक राहिलाच.

ऑगस्ट २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला, की आजी-माजी खासदार व आमदार यांच्यावरील खटले उच्च न्यायालयाच्या अनुमतीवाचून मागे घेतले जाऊ नयेत. अभियोक्त्याला स्वतंत्र करणे अशक्य दिसल्यामुळे त्याचा निर्णयच न्यायाधीशाकडे सोपवण्याचा हा मार्ग आहे. लोकप्रतिनिधींपुरता तो उपयोगी पडेल. मोर्चा, दंगल, संप यांतील सामान्य आरोपींच्या खटल्यांना तो लागू नाही, आणि राज्य शासने खटले मागे घेतात ते संख्येने बहुतांशी याच वर्गातले. हे खटले मागे घेण्याचा विचार तेथे गृहखात्यात होतो. २००५ च्या दुरुस्तीने राज्यांना अभियोग-संचालनालये स्थापन करण्याची मुभा मिळाली, तीही गृहखात्याच्याच प्रशासकीय नियंत्रणाखाली. म्हणजे ज्या खात्याचे पोलीस आरोपपत्र दाखल करतात, त्याच खात्याकडून ते मागे घेण्याची सूचना निघते आणि तिच्यावर स्वतंत्र बुद्धीने विचार करणारा संचालकही त्याच खात्याच्या नियंत्रणाखाली असतो. कॅनडातील राजपत्राच्या नियमासारखी, शासनाची प्रत्येक सूचना लेखी व प्रसिद्ध असावी अशी तरतूद ३२१ व्या कलमात नव्हती. ३६० व्या कलमातही ती नाही.